घाट उतरताना स्टेअरिंग थरथरतं: सिरॅमिक डिस्क घ्यायच्या की लोखंडीच ठेवायच्या?

धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आता पोर्शे, बीएमडब्ल्यूच्या एम, मर्सिडीजच्या एएमजी अशा गाड्या अधूनमधून दिसतात. बऱ्याचशा मुंबई-पुण्याहून सेकंडहँड आलेल्या. त्यांच्या ब्रेकची एक तक्रार गॅरेजवर वारंवार येते: "भाऊ, कन्नड घाट उतरताना स्टेअरिंग थरथर करस. डिस्क नव्या टाकल्या, चार महिने बरं चाललं, परत तेच." आणि पाठोपाठ प्रश्न येतो, लोखंडी डिस्क (चाकासोबत फिरणारी ब्रेकची तबकडी) काढून सिरॅमिकची टाकून देऊ का, म्हणजे एकदाची कटकट मिटेल.

नाही मिटणार. थरथर परत परत येते म्हणजे तिचं कारण डिस्कच्या मागे हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) आहे, डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पॅडमध्ये आहे किंवा घाट उतरण्याच्या सवयीत आहे. ते कारण तसंच राहिलं तर सिरॅमिक डिस्कवरही थरथर येईल, आणि तोवर खर्च लाखांत गेलेला असेल. म्हणून आधी आजार शोधा, मग डिस्कचं ठरवा.

आधी पाय काय सांगतो ते ऐका

गाडी जॅकवर घेण्याआधी मालकाला पेडलबद्दल नीट विचारावं. पेडल मऊ होऊन खाली जात होतं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर वर येत होतं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. पेडल कडक होतं, जोर लावूनही गाडी रेटत पुढे जात होती आणि जळका वास येत होता, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापलाय. या दोन्हींत डिस्कचा दोष नाही, आणि घाटात खरा धोका याच दोन्हींचा आहे. थरथर त्रास देते, पण गाडी थांबते तरी. उकळलेलं ऑइल गाडी थांबूच देत नाही.

ब्रेक दाबल्यावरच स्टेअरिंग आणि पेडल थरथरतं, वेग उतरला की थरथरीचा ठोकाही सावकाश होतो, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही किंवा डिस्क फिरताना बाजूला हलते. ब्रेक न लावताच ताशी नव्वद-शंभरला हात थरथरत असतील तर ब्रेकला हात लावू नका. चाकांचं बॅलन्सिंग, टायर आणि सस्पेन्शनचे बुश बघा. हा फरक न करता डिस्क बदलून घेणारे बरेच भेटतात.

घाटात किती उष्णता तयार होते

समजा माणसांसकट गाडी १,६०० किलोची आहे आणि घाटात ती ३०० मीटर खाली येते. एवढ्या उताराची ऊर्जा होते साधारण ४७ लाख ज्यूल. तीच गाडी ताशी १०० किमीवरून पूर्ण थांबवायला सुमारे ६.२ लाख ज्यूल लागतात. म्हणजे सगळा उतार ब्रेकवर काढला, तर शंभरच्या वेगावरून लागोपाठ साडेसात वेळा करकचून थांबल्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि वेग कमी असल्यामुळे थंड करायला वाराही मिळत नाही.

चारही लोखंडी डिस्कचं वजन मिळून ४४ किलो धरलं, तर हवेने काहीच थंड झालं नाही असं समजून तापमान दोनशे-सव्वादोनशे अंशांनी वाढेल. सिरॅमिक डिस्क जवळपास निम्म्या वजनाच्या असतात. दर किलोमागे त्या जास्त उष्णता झेलतात हे खरं, पण वजनच कमी असल्यामुळे त्याच घाटात त्यांचं तापमान लोखंडापेक्षा जास्त चढतं. याच हिशेबाने अडीचशे अंशांच्या पुढे. हे ढोबळ गणित आहे. प्रत्यक्षात इंजिन, टायर आणि हवा त्यातला मोठा वाटा उचलतात. पण दिशा बरोबर आहे: सिरॅमिक म्हणजे थंड ब्रेक, ही समजूत चुकीची आहे. सिरॅमिक डिस्क जास्त तापते आणि ते तिला सोसतं, एवढाच अर्थ. शेजारच्या कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ब्रेक ऑइल दोन्ही गाड्यांत एकाच जातीचं असतं.

त्यात आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा ब्रेकची सुरुवातच तिथून होते. तोरणमाळचं तर याहून कठीण. डोंगर समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास, आणि खाली शहाद्याकडचा तापीचा पट्टा दीड-दोनशे मीटरवर. एवढा उतार कोणत्याही डिस्कवर काढायचा नसतो, तो गिअरवर काढायचा. ऑटोमॅटिक गाडी असली तरी मॅन्युअल मोडवर टाका, दुसरा गिअर लावा, इंजिन चार-पाच हजारांवर ओरडलं तरी ओरडू द्या. स्पोर्ट्स कारचं इंजिन त्यासाठीच बनलेलं असतं. ब्रेक लावायचा तो थोडा वेळ आणि ठाम, मग पाय पूर्ण काढायचा. पेडलवर हलका पाय ठेवून दहा मिनिटं उतरत राहणं ही ब्रेक तापवण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत आहे.

थरथरीचं कारण बहुतेक वेळा हबवर सापडतं

"डिस्क वाकली" असं आपण सहज म्हणतो. लोखंडी डिस्क उष्णतेने खरोखर वाकल्याचं फार कमी वेळा दिसतं. तिच्यावर दोनच गोष्टी घडतात: ती हबवर सरळ बसलेली नसते, किंवा तिच्या तोंडावर पॅडचा माल काही जागी जास्त चिकटलेला असतो.

जुनी डिस्क काढा आणि हबच्या तोंडावरून बोट फिरवा. मधल्या कॉलरभोवती गंजाची खपली हाताला लागते, कधी कधी नखाने उचलते. खानदेशात पाऊस कमी, तरी पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या आत बसतो, उन्हात वाळतो, आणि खाली ओल धरून ठेवतो. गॅरेजमध्ये घाईत नवी डिस्क त्याच खपलीवर बसवली जाते. हबची त्रिज्या ७५ मिमी आणि डिस्कची १७५ मिमी धरली, तर हबवरची ०.०५ मिमीची खपली डिस्कच्या कडेला ०.१२ मिमीचा डोल, म्हणजे फिरताना बाजूला हलणं, बनते. बहुतेक गाड्यांत बसवलेल्या डिस्कचा डोल ०.०५ मिमीच्या आसपासच राहायला हवा. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण ब्रेक न लावता गाडी चालते तेव्हा डिस्कचा तोच भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासून जातो. तीन-चार महिन्यांत तिथली जाडी एक-दोन शतांश मिलिमीटरने बदलते, आणि तेवढी थरथर जाणवायला पुरेशी असते. चार महिने बरं चाललं, परत तेच, याचं कोडं इथे सुटतं.

उपाय साधा आहे, पण वेळ मागतो. हब तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करायचा. डिस्क बसवून सगळे नट थोडे थोडे, समोरासमोर आवळायचे. मग डायल गेज (शतांश मिलिमीटरपर्यंत मोजणारं काट्याचं यंत्र) लावून डिस्क हाताने सावकाश फिरवायची आणि काटा किती हलतो ते मालकाला दाखवायचं. काटा जास्त हलला तर डिस्क हबवर एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजायची. कधी तेवढ्याने आकडा निम्म्यावर येतो. गेज नसलेल्या ठिकाणी महागड्या गाडीची डिस्क बदलून घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगतो.

चाकाचे नटही यात भागीदार आहेत. पंक्चर काढल्यावर एअर गनने खडाखड आवळलेलं चाक डिस्कला एका बाजूने दाबून ठेवतं. शेवटचा आवळ टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर. पाना डिकीत ठेवा, हायवेवर कुणी दुसऱ्याने चाक लावलं तर घरी येऊन तपासा.

घाटाखालचा चहा आणि बादलीभर पाणी

दुसरं कारण पॅडच्या मालाचं. घाट उतरून गाडी थेट टपरीसमोर थांबते, पाय ब्रेकवर दाबलेलाच, फोनवर बोलणं चालू. त्या वेळी तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी चिकटून आपला ठसा सोडतो. नीट पाहिलं तर डिस्कवर पॅडच्या आकाराचा निळसर-काळपट डाग दिसतो. पुढे तो भाग इतरांपेक्षा जास्त पकडतो, जास्त तापतो, आणि तिथलं लोखंड हळूहळू कडक होत जातं. एकदा ते कडक ठिपके झाले की लेथवर फिरवूनही ते उरतात, आणि डिस्क बदलावीच लागते.

म्हणून उतार संपल्यावर चार-पाच किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवायची. थांबल्यावर सपाट जागा बघून पी मध्ये किंवा गिअरमध्ये टाकायची आणि पाय पेडलवरून काढायचा. ट्रकवाले घाटाखाली चाकांवर पाणी मारतात ते बघून काही जण तापलेल्या डिस्कवर बादली ओततात. ते करू नका. लाल झालेल्या लोखंडाला गार पाणी लागलं की तडा जाऊ शकतो, आणि भोकं पाडलेल्या डिस्कमध्ये तो भोकाच्या कडेपासूनच सुरू होतो.

नवे पॅड-डिस्क बसवल्यावर ते एकमेकांवर नीट बसवून घ्यायला हवेत. पहाटे रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, ताशी ८० वरून ३० पर्यंत मध्यम जोरात आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेकशिवाय. पॅडचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो आणि पुढची थरथर तिथेच टळते. गॅरेजमधून निघून थेट घाटात गाडी घालणं मात्र घातक.

ब्रेक ऑइल

यावर कोणी खर्च करत नाही, आणि जीव याच्यावरच अवलंबून असतो. डॉट ४ ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो. ते हवेतली ओल शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. दोन वर्षांनी ऑइल बदला, घाटात नेहमी जाणं असेल तर दर वर्षी. सेकंडहँड गाडी घेतली की पहिल्याच दिवशी बदला, जुन्या मालकाने काय सांगितलं ते बाजूला ठेवून. घाटात पेडल मऊ पडण्याच्या कितीतरी तक्रारी या एका कामाने संपतात.

आता सिरॅमिकचं

पहिला गोंधळ दूर करू. बाजारात "सिरॅमिक पॅड" मिळतात ते साध्या लोखंडी डिस्कवर चालणारे पॅड आहेत. धूळ कमी, आवाज कमी. त्यांचा सिरॅमिक डिस्कशी काही संबंध नाही. जड गाडीला लांब उतारावर चांगला सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेला) पॅड त्यांच्यापेक्षा सहसा जास्त उष्णता झेलतो. दुकानदाराने "सिरॅमिक आहे, घाटाला चांगलं" म्हणून दिलेला पॅड घाटात वास मारायला लागला, तर त्याचं कारण हे.

खरी सिरॅमिक डिस्क म्हणजे कार्बन तंतू आणि सिलिकॉन कार्बाइड. कार्बनच्या साच्यात अतिशय उच्च तापमानाला वितळलेलं सिलिकॉन मुरवून ती बनते. पोर्शेने रस्त्यावरच्या गाडीत ती २००१ च्या सुमारास ९११ जीटी२ मध्ये आणली. तिचे फायदे खरे आहेत, ते कमी लेखू नयेत. वजन निम्म्याच्या आसपास, तेही स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे चाकाबरोबर वरखाली होणारं, त्यामुळे खड्ड्यांवर चाक लवकर सावरतं आणि स्टेअरिंग हलकं वाटतं. गंज नाही, चाकांवर काळी भुकटी जवळजवळ नाही. वेगाने थांबण्याची पुनरावृत्ती ती लोखंडापेक्षा बरीच सोसते.

पण ती वेगाची पुनरावृत्ती आपल्याकडे कुठे आहे? ताशी २५० वरून १,६०० किलोची गाडी थांबवताना काही सेकंदांत ३८ लाखांहून जास्त ज्यूल उष्णता तयार होते, तीही प्रत्येक फेरीत. सिरॅमिकचा कस तिथे लागतो, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारख्या ट्रॅकवर. गंमत म्हणजे नियमित ट्रॅकवर जाणारे अनेक जण सिरॅमिकसकट आलेल्या गाडीवर लोखंडी डिस्क चढवतात आणि मूळ डिस्क खोक्यात जपून ठेवतात, कारण सततच्या अति उष्णतेत कार्बन जळत जातो आणि नव्या डिस्कची किंमत भारी पडते. एका सिरॅमिक डिस्कच्या पैशांत चारही चाकांच्या लोखंडी डिस्क, पॅड आणि ऑइल होऊन काही उरतं.

आपल्या रस्त्यांवर तिला खरा धोका उष्णतेचा नाही, चाक काढण्याचा आहे. अलॉय चाक हातातून सुटून डिस्कच्या कडेवर आपटलं की कपची उडते, आणि अशी डिस्क लेथवर फिरवून सुधारत नाही. मालेगाव-धुळे रस्त्यावर रात्री पंक्चर झालं, तर टपरीवरचा मुलगा नेहमीसारखंच चाक ओढणार. त्याला कोणी वेगळं सांगितलेलं नाही. चाक सरळ बाहेर यावं म्हणून बोल्टच्या भोकात फिरवायची लांब पिन गाडीच्या टूलकिटमध्ये असते. ती वापरा, शेजारी उभे राहा, चाक दोघांनी धरा. आणि लोखंडाचे पॅड सिरॅमिकवर किंवा सिरॅमिकचे लोखंडावर कधीही लावू नका.

तर माझा कौल. गाडी लोखंडी ब्रेकवर आली असेल तर लोखंडच ठेवा. हब, गेज, ऑइल, पॅड आणि गिअर या पाच गोष्टी सांभाळल्या तर कन्नड काय, तोरणमाळही ती निर्धास्त उतरेल. सिरॅमिक बसवायचं म्हटलं तर फक्त डिस्क बदलून भागत नाही. कॅलिपर, पॅड, कधी चाकांचा आकार, आणि एबीएसचं (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गणितही त्या ब्रेकला धरून बसवलेलं असतं. गाडी सिरॅमिकवरच आली असेल तर ती उगाच काढू नका, आयुष्यभर पुरतील अशा बेताने वापरा. काळी भुकटी आणि गंज एवढाच त्रास असेल तर मधला मार्ग आहे: पोर्शेने २०१७ च्या कायेनपासून लोखंडावर टंगस्टन कार्बाइडचा लेप दिलेल्या डिस्क आणल्या आहेत, पांढऱ्या कॅलिपरवाल्या. नवी गाडी घेताना तो पर्याय विचारात घ्या.

सेकंडहँड गाडी बघायला जात असाल तर

पोर्शेच्या सिरॅमिक ब्रेकची खूण असलेला पिवळा कॅलिपर दिसला म्हणून सिरॅमिक समजू नका. रंग कोणीही मारतो. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा आणि डिस्कच्या घासल्या जाणाऱ्या तोंडावर टेकवा. चिकटलं तर लोखंड, मग लेप दिलेलं का असेना. सिरॅमिक असेल तर ते घसरून पडतं, आणि पृष्ठभागावर कार्बनच्या तुकड्यांची करडी नक्षी दिसते. कडेभोवती टॉर्च फिरवून कपच्या बघा, भोकांच्या आसपास पृष्ठभाग खरखरीत, खचलेला वाटतो का ते बोटाने तपासा.

सिरॅमिक डिस्क जाडीने फारशी झिजत नाही, आतला कार्बन जळून वजनाने हलकी होते. म्हणून तिच्या मधल्या भागावर किमान वजन कोरलेलं असतं. चाकं काढायला लावा, डिस्क उतरवून स्वच्छ, कोरडी करून ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, आणि चारही आकडे कोरलेल्या आकड्यांशेजारी लिहून घ्या. काही ठिकाणी डिस्क न काढता कार्बन किती उरलाय ते मोजणारं यंत्रही असतं. ते मिळालं तर उत्तमच. विकणारा चाकं काढू देत नसेल, तर चारही डिस्कची किंमत गाडीच्या भावातून वजा करूनच बोलणी करा.